हाडाच्या वाटेने येणारा आवाज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बसवनगुडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे अशी सूचना चिटणिसांकडून आली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शहाजीराजांची बेंगळूरची जहागीर किंवा केंद्र सरकारच्या नोकरीतील अनुभव असा एखादा विषय असावा. पैकी पहिल्या विषयावर अधिकारवाणीने बोलणारे आपल्यात आहेत, आणि दुसऱ्यावर निवृत्तीपूर्वी बोलणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून आम्ही कानाचा विषय निवडला. आम्ही वैद्य नाही, अभियंतेही नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्व अक्का म्हणतो, बेळगावहून आमच्याकडे राहावयास आल्या त्याला सहा वर्षे झाली. त्यांचे दोन्ही कान लहानपणापासून वाहतात. त्यांच्या निमित्ताने जे वाचावे लागले, जे तक्ते समजून घ्यावे लागले आणि जे दवाखाने पाहावे लागले, त्यांतून जमलेली ही शिदोरी आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत अक्कांच्या कपाळाभोवतीचा पट्टा पाहून अनेकांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे: "हाडातून ऐकू येणारी ही यंत्रे बरीच निघाली आहेत म्हणतात, त्यांत चांगले कोणते?" आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम हाडातून ऐकू येते म्हणजे काय, ते पाहू. त्यासाठी आपल्या बसवनगुडीसारखी जागा नाही. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, आणि बुल टेंपल रस्त्यावर दुतर्फा शेंगांचे ढीग लागतात. त्या गर्दीत, गाड्यांच्या कर्ण्यांत आणि पिपाण्यांच्या कलकलाटात, शेजारचा मनुष्य काय बोलतो ते कळत नाही. पण स्वतःच्या तोंडातला खरपूस शेंगदाणा फुटल्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही कानांत बोटे घातली तर तो अधिकच मोठा होतो. तो आवाज हवेतून कानात शिरलेला नसतो. दात, जबडा आणि कवटी यांच्या वाटेने तो आतल्या कानापर्यंत पोचलेला असतो.

प्रयोग आताच करून पाहावा. प्रत्येकाने उजव्या कानात बोट घालावे आणि तोंड मिटून हलकेच "म्" असा हुंकार धरावा. आवाज उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो ना? बंद केलेल्या कानात मोठा आवाज येतो, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कवटीच्या कंपनांमुळे कानाच्या बोळात जो आवाज उत्पन्न होतो, त्याला बाहेर पडण्याची वाट बोटाने बंद होते. म्हणून तो आतच घुमतो. जर्मन शास्त्रज्ञ वेबर याने १८३४ साली असेच निरीक्षण नोंदविले, आणि आजही कानाचे डॉक्टर रुग्णाच्या कपाळावर नादकाट्याचा दांडा टेकवून त्याच तत्त्वावर परीक्षा करतात. आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला की तो परक्याचा वाटतो, त्याचेही कारण हेच. बोलताना आपण स्वतःला हवेतून आणि हाडातून असे दोन्ही वाटांनी ऐकतो. ध्वनिमुद्रणात हाडाची वाट गळते.

दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळतात, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. हवेतला आवाज कानाच्या बोळातून पडद्यावर, पडद्यावरून हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांवर, आणि तेथून अंतर्कर्णातील गोगलगाईच्या आकाराच्या शंखात जातो. कवटीतले कंपन पडदा आणि ती तीन हाडे यांना बऱ्याच अंशी वगळून थेट शंखापाशी येते. बेकेशी या शास्त्रज्ञाने १९३२ साली फार सुंदर प्रयोग केला. एकाच उंचीचा स्वर त्याने हवेतून आणि हाडातून असा एकाच वेळी सोडला, आणि दोहोंचा जोर व ताल असा जुळविला की एकाने दुसऱ्यास पुसून टाकले व ऐकणाऱ्यास काहीच ऐकू येईना. शंखाच्या दृष्टीने दोन्ही आवाज एकच आहेत, हे त्यावरून ठरले. कानाविषयीच्या संशोधनाबद्दल त्याला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या शास्त्रातून घरोघरी उपयोगी पडणारी गोष्ट निघते. बहिरेपणाचे मुख्य प्रकार दोन. एकात वाट बिघडलेली असते: पडद्याला भोक असते, कान वाहतो, हाडांची साखळी तुटलेली किंवा गोठलेली असते, अथवा जन्मतःच कानाचा बोळ तयार झालेला नसतो. दुसऱ्यात शंख किंवा त्यापुढील मज्जातंतू क्षीण झालेला असतो. वार्धक्यातील बहिरेपणा बहुतांशी या जातीचा. हाडाची वाट पहिल्या प्रकाराला तारते, कारण ती बिघडलेल्या रस्त्याला वळसा घालते. दुसऱ्या प्रकारात तिचा विशेष उपयोग नाही, कारण वाट कोणतीही घेतली तरी मुक्कामाचे गावच ओसाड पडलेले असते.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण आपल्या या शहरातच आहे. लालबागेत पहाटे धावणारी तरुण मंडळी कानाच्या पुढे गालफडावर टेकणारे, बोन कंडक्शनचे म्हणून विकले जाणारे हेडफोन लावतात. कान मोकळे राहून मागच्या गाडीचा आवाजही कळतो. त्या कामाला ते उत्तम आहेत. परंतु आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलाने ते ऐंशीच्या घरातील आजोबांसाठी आणले. विकणाऱ्याने "कान गेले तरी हाडातून ऐकू येते" असे छातीठोकपणे सांगितले होते. आजोबांचा पडदा शाबूत होता. क्षीण झाला होता तो शंख. शिवाय तो हेडफोन भोवतालचे बोलणे टिपून मोठे करीत नव्हता. फोनमध्ये जे वाजेल तेच पोचवीत होता. नातवंडांचे बोलणे पूर्वीइतकेच अस्पष्ट राहिले, आणि "एवढे महागडे यंत्र आणले तरी यांना ऐकू येत नाही" असा एक नवा शेरा म्हाताऱ्याच्या माथी बसला. त्यांना योग्य रीतीने बसविलेले कानामागचे साधे डिजिटल यंत्र हवे होते. ते आल्यावर बरीच सुधारणा झाली, पण मधले वर्ष गेले ते गेलेच.

म्हणून यंत्रांची तुलना करण्यापूर्वी आपला ऑडिओग्राम तुलनेस घ्यावा. त्या आलेखात हवेची रेषा आणि हाडाची रेषा अशा दोन रेषा असतात. दोहोंत मोठे अंतर असेल, हाड १५-२० डेसिबेलवर ऐकत असेल आणि हवा ६०-७० वर, तर हाडाचे यंत्र हा विषय आपला आहे. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली उतरत असतील, तर सहसा तो आपला विषय नव्हे. (एका कानाच्या बहिरेपणाचा अपवाद पुढे येईल.) पडदा आणि साखळी पूर्ण निकामी झाली तरी हे अंतर साधारण ६० डेसिबेलपलीकडे जात नाही, कारण मोठा आवाज कवटीला स्वतःच हलवू लागतो.

या युक्तीचा इतिहास लांबलचक आहे. तो थोडक्यात आटोपतो. १८७९ साली शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स याने दातांत धरण्याचा एक पंखा विकावयास काढला. आवाजाने पंखा कंप पावे आणि दातांतून कंपन कवटीत जाई. विसाव्या शतकात विजेवरचे कंपक आले: कानामागे पोलादी कमानीने दाबून धरलेले, किंवा चष्म्याच्या दांडीत बसविलेले. खरी क्रांती स्वीडनमध्ये झाली. ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटेनियमची नळी काढू गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट बिलगून वाढले होते. त्यातून प्रथम दातांची रोपणे निघाली, आणि १९७७ साली योटेबॉर्ग येथे टेलस्ट्रोम यांनी कानामागच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र टांगले. बाहा या नावाने पुढे प्रसिद्ध झाले ते हे यंत्र.

आता मूळ प्रश्न. गेली चाळीसएक वर्षे या क्षेत्रात जे काही घडले आहे, ते सारे एका गोष्टीभोवती घडले आहे, आणि ती गोष्ट म्हणजे कानामागची काही मिलिमीटर जाडीची कातडी. हाड कंपन उत्तम वाहते. कातडी व तिच्याखालची मऊ चरबी ते शोषून घेते. आणि सर्व कंपने सारखी शोषीत नाही: खालचे, जाडे आवाज बरेचसे जाऊ देते, १,००० हर्ट्झच्या वरचे, बारीक आवाज मात्र अडविते. कातडीवरून दिलेले कंपन आणि हाडात थेट दिलेले कंपन यांत या वरच्या पट्ट्यात दहा ते वीस डेसिबेलचा फरक पडू शकतो. या कातडीचे काय करावयाचे, याचे जे जे उत्तर सुचले, ते ते एकेक यंत्र झाले.

पहिले उत्तर: कातडीवर दाबून धरा. श्रवणपरीक्षेतील कंपकाची कमान सुमारे ५.४ न्यूटन इतक्या जोराने दाबते, म्हणजे अर्धा किलोहून थोडे अधिक वजन एका पैशाएवढ्या जागेवर. परीक्षेपुरते ते ठीक. दिवसभर कोणी सोसणार नाही. म्हणून लहान मुलांसाठी व शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांसाठी मऊ इलॅस्टिकचा पट्टा निघाला. दाब कमी केला की आवाज कमी होतो, वाढविला की वळ उठतात. अक्कांच्या कपाळाभोवती जे दिसते ते हेच. याच घराण्यात अ‍ॅडहिअर नावाचे नवे यंत्र आहे. ते कानामागे चिकटपट्टीने लागते, दाब मुळीच देत नाही, आणि पट्टी काही दिवसांनी बदलावी लागते. ज्यांचे हाडाचे ऐकणे २५ डेसिबेलपर्यंत शाबूत आहे, त्यांच्यासाठीच ते आहे.

दुसरे उत्तर: कातडीला भोक पाडा. हाडातल्या स्क्रूला जोडलेली खुंटी कातडीतून बाहेर येते, तिच्यावर यंत्र चाप लावल्यासारखे बसते. बाहा आणि पोंटो ही दोन नावे यात मुख्य. मधे कातडी नसल्याने बारीक आवाज पुरे पोचतात, आणि जोरही सर्वांत अधिक मिळतो. त्यांतील शक्तिशाली नमुने शंख ६५ डेसिबेलपर्यंत क्षीण झाला असला तरी चालतात असे उत्पादक सांगतात. पण खुंटीभोवतीची जखम कधीच पूर्ण बुजत नाही, असे म्हटले तरी चालेल. ती रोज स्वच्छ ठेवावी लागते. तिथल्या लालीची, ओलीची आणि सुजेची ० ते ४ अशी प्रतवारी करण्याची होल्गर्स यांची पद्धत १९८८ पासून जगभर वापरतात. ज्या तक्रारीसाठी स्वतंत्र प्रतवारी निर्माण करावी लागली, ती तक्रार क्वचित येत नसणार, एवढे आमच्यासारख्या कारकुनी बुद्धीलाही कळते.

तिसरे उत्तर: कातडीच्या दोन्ही बाजूंना चुंबक लावा. आत एक, बाहेर एक. खुंटी नाही, जखम नाही, दिसावयास सुबक. २०१३ साली आलेले बाहा अट्रॅक्ट या पद्धतीचे. मात्र कंपक बाहेरच राहतो. म्हणजे कातडी पुन्हा मधे आलीच, आणि तिने आपला कर पुन्हा वसूल केलाच.

चौथे उत्तर सर्वांत चतुर आहे: कंपकच कातडीच्या आत घाला, आणि कातडीतून कंपन न पाठविता बिनतारी संदेश पाठवा. संदेशाला कातडीची अडचण नसते. २०१२ साली बोनब्रिज आले; ते ४५ डेसिबेलपर्यंत शंख क्षीण असलेल्यांसाठी. २०१९ साली ओसिया आले. त्यात वीज देताच कंप पावणारे पिझो स्फटिक वापरलेले आहेत, आणि त्याची मर्यादा ५५ डेसिबेल सांगितली जाते. बारीक आवाजांत ही यंत्रे खुंटीच्या जवळपास जातात, आणि कातडी शाबूत राहते. किंमत मात्र शस्त्रक्रियेसह अनेक लाखांच्या घरात जाते, आणि आतला कंपक बिघडला तर पुन्हा टेबलावर निजावे लागते.

येथवर ऐकून आपण म्हणाल की मग ओळीने गुण देऊन मोकळे व्हावे. आम्हीही प्रथम तेच करावयास बसलो. आमच्या कचेरीत खरेदीपूर्वी निविदांचा तुलनात्मक तक्ता करावा लागतो: डावीकडे वस्तूचे वर्णन, उजवीकडे तीन पुरवठादारांचे भाव, आणि शेवटच्या रकान्यात सर्वांत कमी बोली लावणाऱ्याचे नाव. आयुष्याची तीस वर्षे अशा तक्त्यांत घालविल्यावर, कोणता रकाना फसविण्यासाठी घातला आहे, ते थोडेसे वासाने कळू लागते. यंत्रांच्या माहितीपत्रकांत तसा एक रकाना हमखास असतो. त्याचे नाव फंक्शनल गेन, म्हणजे यंत्राविना किती ऐकू येत होते आणि यंत्रासह किती येते, यांतील फरक. "सरासरी ४० डेसिबेल लाभ" असे मोठ्या टायपात छापलेले असते.

हा आकडा कसा फसवितो ते पाहा. समजा, गोविंदरावांना हवेतून ७० डेसिबेलवर ऐकू येते, हाडातून १५ वर. यंत्र लावल्यावर त्यांना ३० वर ऐकू येऊ लागले. लाभ ४०. समजा, माधवरावांना हवेतून ४५ वर आणि हाडातून तेवढेच, १५ वर ऐकू येते. तेच यंत्र त्यांना लावले, त्यांनाही ३० वर ऐकू येऊ लागले. लाभ अवघा १५. यंत्र तेच, शेवटची अवस्था तीच, तरी एकाच्या नावावर ४० आणि दुसऱ्याच्या नावावर १५. म्हणजे हा आकडा यंत्राचा नसून बराचसा कानाच्या नासाडीचा आहे. ज्याने अधिक बिघडलेल्या कानांवर आपले यंत्र तपासले, त्याचा आकडा आपोआप मोठा दिसतो. दोन निरनिराळ्या रुग्णसमूहांवरचे हे आकडे शेजारी शेजारी ठेवणे म्हणजे दोन गावांतल्या पावसाची तुलना घागरींच्या आकारावरून करणे होय.

विचारावयाचा आकडा दुसरा आहे. त्याला इफेक्टिव्ह गेन म्हणतात. यंत्र लावल्यावर जे ऐकू येते, ते त्या मनुष्याच्या शंखाच्या कुवतीच्या किती जवळ पोचले? गोविंदराव आणि माधवराव दोघेही अजून १५ डेसिबेल मागे आहेत, हे या हिशेबात सरळ दिसते. आणि तो आकडा सरासरीचा न घेता, ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झ असा वेगवेगळा मागावा. सरासरीत ५०० चा चांगला निकाल ४,००० च्या वाईट निकालावर पांघरूण घालतो. कातडीवरून बसणाऱ्या यंत्रांचे नेमके हेच होते.

४,००० हर्ट्झची एवढी काळजी कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या वर्णमालेत आहे. आ, ओ, म, न यांचा जोर खालच्या पट्ट्यात असतो. ते कातडीतूनही जातात, आणि म्हणून ऐकणाऱ्याला "आवाज येतो" असे वाटते. श मधील ऊर्जा साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून वर असते, आणि स ची त्याहूनही वर. तो भाग गळाला की सूर आणि शूर एक होतात, साल आणि शाल एक होतात. सापाचा शाप होतो. मनुष्य म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही." घरातल्यांना वाटते की लक्ष नाही. अक्कांच्या पट्ट्याचे हेच आहे. त्यांना हाक ऐकू येते, कुकरची शिटी येते, भजनातला ठेका येतो; पण नात फोनवरून शाळेतली गोष्ट भराभर सांगू लागली की त्या "हो हो" म्हणतात, आणि नंतर सौभाग्यवतींना हळूच विचारतात, "काय गं म्हणाली ती?"

बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला यात एक जादा पेच आहे. यंत्राची खरी कसोटी शिट्ट्यांवर नसून शब्दांवर असते. परीक्षक ठराविक शब्दांची यादी म्हणतो, आपण ते शब्द परत म्हणावयाचे. येथे यादी स्वाभाविकच कन्नडची किंवा इंग्रजीची असते. ज्याला ती भाषा अंगवळणी नाही, तो कान चांगला असूनही चुकतो. आणि ज्याला येते तो निम्मा शब्द अंदाजाने पुरा करतो. दोन्हीं परीक्षांत कान बाजूला राहून भाषाच तपासली जाते. मराठीतही अशा याद्या तयार झालेल्या आहेत. मुंबईस वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था हेच काम करते. महाराष्ट्रात जाणे होईल तेव्हा तेथील चाचणी करून घ्यावी. ते शक्य नसेल तर परीक्षकाची परवानगी घेऊन घरच्या माणसाने तोंडापुढे वही धरून, ओठ न दाखविता, सारख्या आवाजात मराठी शब्द म्हणावेत: एकदा शांत खोलीत, एकदा पंखा व दूरचित्रवाणी चालू ठेवून. दोन यंत्रे आळीपाळीने लावून त्याच मनुष्यावर, त्याच दिवशी हे केले, तर माहितीपत्रकाच्या दहा पानांहून अधिक कळते. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही पद्धत ढोबळ आहे खरी. पण ज्या बाईचे मराठी या शहरात घराच्या चार भिंतींआत आणि महिन्याकाठी या सभागृहात एवढेच उरले आहे, तिच्या बाबतीत ते मराठी पोचते की नाही हे पाहण्यावाचून दुसरी कसोटी आम्हांस दिसत नाही.

एका कानाचा बहिरेपणा, जो आपण मघाशी बाजूस ठेवला होता, त्याविषयी दोन शब्द. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असला, तर गेलेल्या बाजूस हाडाचे यंत्र लावतात. कवटी एकच असल्याने कंपन फारसे न घटता पलीकडच्या चांगल्या शंखाकडे जाते, आणि त्या बाजूला बसलेल्याचे बोलणे डोक्याच्या आड हरवत नाही. पंक्तीत बसताना याचे मोल कळते. पण आवाज कोणत्या दिशेने आला, हे ओळखण्यास दोन शंख लागतात. ते यंत्राने परत येत नाही. रस्ता ओलांडताना सावधगिरी पूर्वीइतकीच हवी.

कामगिरीच्या तक्त्यात जे येत नाही, पण घरात ज्यावरून निर्णय होतो, अशा बाबी आणखी आहेत. अक्कांना मधुमेह आहे, म्हणजे खुंटीभोवतीची जखम भरण्याची धास्ती. त्यांना पाठीच्या दुखण्यासाठी एमआरआय करावे लागले होते आणि पुन्हा लागेल. आत चुंबक असलेले काही नमुने १.५ टेस्लापर्यंतच्याच यंत्रात चालतात, काहींत चुंबक आधी काढावे लागते, आणि नुसत्या टायटेनियमच्या खुंटीला ती अडचण जवळजवळ नाही. म्हणजे एका दुखण्याचा कौल एका बाजूस, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूस. पुढे कंपनीचाही प्रश्न आहे. स्क्रू कवटीत जन्मभर राहतो, कंपन्या राहत नाहीत. बाहाचाच व्यवसाय एंटिफिक या कंपनीकडून २००५ साली कॉक्लिअर कंपनीकडे गेला. म्हणून दुरुस्ती बेंगळुरात होते की यंत्र परदेशी पाठवावे लागते, आणि तोवर बदली यंत्र मिळते का, हे लेखी घ्यावे. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी प्रतिपूर्तीचे नियम खरेदीपूर्वी वाचावेत. पावती आधी आणि अर्ज नंतर हा क्रम कोणत्याही लेखा शाखेस मानवत नाही.

आमच्या घरी अद्याप निर्णय झालेला नाही. कामगिरीपुरते बोलावयाचे तर अक्कांच्या ऑडिओग्रामला खुंटी आणि आतला कंपक ही दोन्ही उत्तरे जुळतात. पट्टा जुळत नाही, हे पट्टा लावूनच कळले. खुंटीचे नाव काढल्यावर त्या म्हणाल्या, "डोक्याला खुंटी मारून घ्यायला मी काय भिंत आहे?" हा आक्षेप कोणत्याही तक्त्यात नाही, पण तो आम्ही कामगिरीच्या रकान्यातच धरतो. जे यंत्र मनुष्य लाजून किंवा कंटाळून पेटीत ठेवतो, त्याचा इफेक्टिव्ह गेन शून्य. साखर ताब्यात आली तर या दसऱ्यानंतर कातडीखालच्या कंपकाविषयी शल्यविशारदांशी पुन्हा बोलावयाचे ठरले आहे.

ज्यांना असा प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी क्रम सांगतो. प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा; वाहता कान औषधाने वा शस्त्रक्रियेने कोरडा होत असेल, पडदा शिवता येत असेल, तर यंत्राची गरजच उरणार नाही असे पुष्कळदा होते. आणि कृपा करून वाहत्या कानात कोमट तेल घालू नये. आपल्या आज्यांनी ते मायेने घातले. पण पडद्याला भोक असताना ते तेल थेट मधल्या कानात उतरते. त्यानंतर हवा व हाड अशा दोन्ही रेषांचा ऑडिओग्राम काढावा. म्हैसूरला मानसगंगोत्री परिसरात अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था साठच्या दशकापासून आहे. केंद्र सरकारची ही संस्था येथून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकी जवळ आहे, आणि तेथील परीक्षकाला यंत्र विकावयाचे नसते. बेंगळुरात निमहान्समध्येही हा विभाग आहे. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर त्याआधी तेच यंत्र पट्ट्यावर बसवून निदान दोन आठवडे घरी वापरावयास मागावे. पट्ट्यावर जेवढे ऐकू येईल, त्याहून शस्त्रक्रियेनंतर बारीक आवाजात सहसा अधिकच येईल. पट्ट्यावर काहीच फरक पडला नाही, तर घाई करू नये.

आम्ही घरी वापरतो ती पन्नास मराठी शब्दांची यादी सौभाग्यवतींनी स्वच्छ अक्षरात लिहून काढली आहे. तिच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांनी घरच्यांचे ऑडिओग्राम बरोबर आणले असतील, त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. दोन रेषांतील अंतर कसे वाचावयाचे, ते एकेकाच्या कागदावरच पाहू.